आधी नाव, मग पुरावा

मंगळ व गुरू यांच्या कक्षांमध्ये लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्याच्या आतल्या बाजूस सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीचा एक खडकाळ लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतो. १९९९ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील दुर्बिणीतून तो आढळला. त्यानंतर २३ वर्षे त्याला नाव नव्हते; १५२८३० हा क्रमांक तेवढा होता.

२०२३ च्या जानेवारीत ‘लूसी’ या यानाच्या प्रवासात त्याचा समावेश झाला, तोही एका कामापुरता. वेगाने जाताना यानाचे कॅमेरे लक्ष्यावर खिळून राहतात की नाही, याची परीक्षा त्याच्यावर घ्यायची होती. फेब्रुवारीत त्याला ‘डिंकिनेश’ हे नाव मिळाले. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या ‘लूसी’ या प्राचीन सांगाड्याचे हे तेथील नाव. अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ ‘तू अद्भुत आहेस’.

१ नोव्हेंबर २०२३ रोजी यान त्याच्यापासून सुमारे ४३० किलोमीटरवरून गेले, आणि छायाचित्रांत त्याच्याभोवती फिरणारा एक चिमुकला उपग्रह दिसला. पुढच्या छायाचित्रांवरून कळले की, तो उपग्रह म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन गोळे आहेत! त्याला ‘सेलाम’, म्हणजे शांती, हे नाव देण्यात आले.

वाचकहो, हा लघुग्रह अद्भुत केव्हा झाला बरे? सेलाम तर यान येण्यापूर्वीही फिरतच होता. आपल्या पाहण्याने त्याच्यात तिळमात्र भर पडली नाही. आपले अज्ञान तेवढे कमी झाले.

पण समजा, उपग्रह निघालाच नसता, तर तो तुच्छ ठरला असता काय? ‘काही विशेष निघाले, म्हणून मोल’ असे आपण म्हणू लागलो, तर मोल आपल्या अपेक्षेचे होईल, त्या वस्तूचे राहणार नाही.

कोणी म्हणेल, दगडाला मानापमान कसला? खरे आहे. परंतु दगडाकडे पाहणारी नजर माणसाकडेही वळते. वर्गात मागे बसणारे मूल आपल्याला हजेरीच्या क्रमांकाने ठाऊक असते. ते हुशार निघाले की मग आपण त्याच्या घरची चौकशी करतो. भांडी घासायला येणाऱ्या बाईंची आठवण खाडा झाला त्या दिवशी होते. कामापुरते ओळखणे आणि माणूस म्हणून ओळखणे, यांत मोठे अंतर आहे.

डिंकिनेशला चांगला शब्द आधी मिळाला, पुरावा नऊ महिन्यांनी आला. माणसांशी वागताना हाच क्रम धरावा. आणि पुरावा कधीच आला नाही, तरी दिलेला शब्द परत घेऊ नये.