कवड्यांच्या हाती मोक्ष

सापशिडीचा जुना मराठी अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं कर्तेपण ज्ञानेश्वरांना देते. पुरावा मात्र पक्का नाही. पुण्याचे संशोधक वा. ल. मंजूळ यांना रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखित-संग्रहात असे पट सापडले.

पटावर काम, क्रोध, लोभ, मद हे साप गिळायला टपलेले, शिड्या सद्गुणांच्या.

खरी गोम पुढेच आहे. सोंगटी किती घरं सरकणार, हे कवड्या ठरवतात. मग क्रोधाच्या तोंडी गेलेल्याचा दोष काय? प्रारब्ध म्हणावं, तर सद्गुणाचं श्रेय तरी कुणाचं?

अमेरिकेच्या मिल्टन ब्रॅडलीने १८६० मध्ये आयुष्यावरचा पटखेळ काढला. फाशांना जुगाराचा वास, म्हणून त्याने आकड्यांची भिंगरी दिली. शिवाय चाल निवडायची थोडी मुभाही. मोक्षपटात तेवढीही नाही. कवडी उताणी पडली की पालथी, एवढ्यावर सगळा जन्म!