दिलेला चेहरा आणि रंगवलेला चेहरा

रोमन साम्राज्यातील सधन स्त्रिया वर्ण उजळ दिसावा म्हणून सफेदा, म्हणजे शिशावर सिरक्याची प्रक्रिया करून मिळणारी पांढरी भुकटी, चेहऱ्याला लावीत आणि डोळ्यांच्या कडा काजळीने रेखीत. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेज येथील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने या प्रसाधनाला थेट धर्मशास्त्राच्या कक्षेत आणले. देह ही ईश्वराची निर्मिती असल्याने तिच्यावर रंग चढवणे म्हणजे निर्मात्याच्या कामात उणीव काढणे होय, असे तो मानी, आणि हा विचार त्याने इतका ताणला की ईश्वराने जांभळी मेंढरे जन्मास घातली नाहीत म्हणून लोकर रंगवणेही त्याला अमान्य ठरले. (दाढी कोरणाऱ्या पुरुषांनाही त्याने दोष दिला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.) मात्र लोकर कातरणे, तिचे सूत काढणे व ते विणणे हेही निसर्गातील फेरफारच असताना केवळ रंगापाशी रेघ का ओढावी, याचे समाधानकारक उत्तर या युक्तिवादात मिळत नाही. त्या मानाने त्याच काळातील वैद्य गॅलेन याचा विचार अधिक टिकाऊ वाटतो, कारण मूळ सौंदर्य राखणारी कला त्याने वैद्यकाचा भाग मानली आणि नसलेले सौंदर्य उसने आणणारी कला त्यापासून वेगळी काढली.