रवंथ

मुंबईत गोरेगाव पूर्वेला हायवे ओलांडून आरे वसाहतीच्या चेकनाक्यातून आत शिरलं की हॉर्नचे आवाज हळूहळू मागे पडतात आणि शेणाचा, ओल्या गवताचा वास येऊ लागतो. सकाळी मी तिथे चालायला जातो. परवा एका तबेल्यापाशी थांबलो. दावणीला बसलेली म्हैस रवंथ करत होती. डोळे अर्धवट मिटलेले, खालचा जबडा आडवा फिरत होता. घोट खाली गेला, जबडा क्षणभर थांबला आणि मानेतून एक गोळा वर चढताना स्पष्ट दिसला. चघळणं पुन्हा सुरू.

मीही तेव्हा तेच करत होतो. पंधरा दिवसांपूर्वी गावच्या घराच्या छपराच्या दुरुस्तीवरून धाकट्या भावाशी फोनवर वाजलं होतं. ‘तू नुसते पैसे पाठवतोस,’ असं तो म्हणाला. ते वाक्य घशात अडकलं होतं. रोज चालताना मला त्यावर नवं उत्तर सुचायचं आणि प्रत्येक उत्तरात मीच बरोबर ठरायचो. भावाला त्या संवादात बोलायला जागाच नव्हती.

मानसशास्त्रात अशा कुढण्याला ‘रुमिनेशन’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ रवंथच आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर आयुष्यभर काम केलं. 1989च्या ऑक्टोबरात त्यांनी स्टॅनफर्डच्या 137 विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: मन खट्टू झालं की तुम्ही काय करता? दोनच आठवड्यांनी त्या भागात मोठा भूकंप झाला. बाईंनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून कुढण्याची सवय होती, त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त आढळली, आणि सात आठवड्यांनंतरही ती होती. भूकंप तर सगळ्यांनीच पाहिला होता.

म्हशीच्या रवंथातून चारा पचतो, दूध होतं. आपल्या रवंथातून काहीच पचत नाही.

‘सोड ना, विचार करू नकोस,’ असं घरचे म्हणतात. ते प्रेमानेच म्हणतात, पण मेंदूची घडण तशी नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा खातो. आपण नुसते बसून राहिलो तरी त्याचा खर्च फारसा उतरत नाही. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001मध्ये दाखवलं की हातात काम नसतं तेव्हा मेंदूतले काही भाग उलट अधिक जागे असतात. स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याची काळजी यांचा या भागांशी जवळचा संबंध आहे. म्हणजे रिकामं मन आपसूकच ‘मी’कडे वळतं. त्याला नुसतं गप्प बस म्हणून ते बसत नाही. त्याला दुसरीकडे न्यावं लागतं.

कुठे न्यायचं, याचं एक उत्तर 2015मध्ये स्टॅनफर्डच्याच ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या गटाने शोधलं. 38 निरोगी शहरी माणसं त्यांनी निवडली. अर्ध्यांना गवताळ, झाडाझुडपांच्या वाटेवर 90 मिनिटं चालायला पाठवलं, अर्ध्यांना वाहनांनी गजबजलेल्या हमरस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांचं कुढणं कमी झालं होतं. कपाळामागे खोलवर असलेला जो भाग कुढण्याशी जोडला जातो, त्याची सक्रियताही मंदावली होती. हमरस्त्यावरून आलेल्यांमध्ये हा बदल दिसला नाही. चालणं दोघांचंही तेवढंच होतं. अभ्यास छोटा आहे, त्याला रामबाण म्हणू नये. पण मला तो सोडवत नाही, कारण या दोन्ही वाटा माझ्या गोरेगावात आहेत.

मन सांभाळणं हे ज्याचं त्याचं काम, असं आपण ठरवून टाकलं आहे. ध्यान करा, सकारात्मक राहा, फोन बाजूला ठेवा. हे सगळं खरंच आहे. पण मन शांत होणं जर भोवतीच्या झाडांवरही अवलंबून असेल, तर झाड तोडण्याचा निर्णय हा कुणाच्या तरी मनःशांतीचाही निर्णय असतो. ज्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत खिडकीही नाही, त्यांच्या तर आधी.

मी चालायला जातो ती आरे वसाहत 1949मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभी राहिली ती दुधासाठी, शहरातले तबेले बाहेर नेण्यासाठी. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे त्याही आधीपासून इथे आहेत. 4 ऑक्टोबर 2019ला मुंबई उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी इथे करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली. मी त्या रात्री गोरेगावातच होतो, घरी. बातमी कळली होती. गेलो नाही. आज ज्या सावलीत माझं मन निवतं, ती टिकावी म्हणून रात्र जागवली ती दुसऱ्यांनी, आणि हे ऋण माझ्यावर आहे.

परवा परतीच्या वाटेवर केव्हातरी भावाचं वाक्य पुन्हा वर आलं. या वेळी उत्तर सुचलं नाही. सुचलं ते एवढंच की तो खरं बोलला होता. चेकनाक्यापाशी थांबून त्याला फोन लावला आणि विचारलं, ‘कौलं किती लागतील? मी येतोय.’

आता एक विनंती. शहरात झाड तोडण्याआधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडाच्या बुंध्यावरही लावावी लागते. त्यावर कुणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो. असे कागद पाहून मी अनेकदा न वाचता पुढे गेलो आहे. तुम्ही जाऊ नका. थांबा, वाचा, आणि मुदतीत हरकत लिहून द्या.