अडीच तासांचं अंतर

दोन विमानतळांमधलं अंतर काढणं हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा ठरलेला सराव. दोन्हींचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरायची आणि हॅवरसाइनच्या सूत्रात घालायचं. मुंबई ते नेवार्क साधारण 12,500 किलोमीटर येतं. वेळ मात्र सूत्रातून निघत नाही. अमेरिकेहून परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून तोच प्रवास लवकर संपतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचे तास वाढले. शहरं जागची हलली नव्हती.

जळगावहून धुळ्याला विमान नाही. एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत एसटीने जायचं. नव्वदेक किलोमीटर, दोन-अडीच तास.

माझी आत्या धुळ्यात राहायची. तिचा मुलगा न्यू जर्सीत. मी पुण्याच्या कंपनीचं काम जळगावात घरी बसून करतो. आत्या फोनवर विचारायची, "कव्हय येशी रे भाऊ?" मी म्हणायचो, "या रविवारी बघतो." ती गेली तेव्हा मला तिला भेटून सात महिने झाले होते. दादा निरोप मिळाल्यापासून तिसाव्या तासाला दारात होता. तोवर सगळे थांबले होते.

तेराव्याच्या आदल्या रात्री ओट्यावर बसलो असताना तो म्हणाला, "तू इथं होतास ना, म्हणून मला तिकडे झोप लागायची." तो टोमणा नव्हता. त्याला ते सात महिने माहीतच नव्हते. आत्याने सांगितलं नव्हतं.

पीटर सिंगर यांनी 1972 च्या निबंधात बंगालमधल्या निर्वासितांच्या निमित्ताने मांडलं, की गरजू माणूस लांब आहे एवढ्याने आपलं कर्तव्य कमी होत नाही. मला ते पटतं. पण अंतराने कर्तव्य कमी झालं नाही, तरी हातून काय होऊ शकतं ते बदलतं. दादा रोज फोन करू शकत होता, आणि करायचा. तिला डॉक्टरकडे नेणं, समोर बसून तिच्या हातचं जेवणं, हे मला शक्य होतं.

पण ही जबाबदारी मी कधी घेतली होती? मला कुणी विचारलं नव्हतं. जो मागे राहिला त्याच्या नावावर गेलेल्यांची सगळी कामं, हा कुठला न्याय? आमच्याकडे बऱ्याच घरांत असा एक मागे राहिलेला असतो आणि त्याची ही तक्रार खोटी नसते. मीही काही दिवस तिचा आधार घेतला. माझ्या बाबतीत ती टिकली नाही. सात महिने मी कामात बुडालेलो नव्हतो. "धुळं काय, इथलंच" असं म्हणत होतो. जवळ असल्याचा दिलासा आत्याला होता, दादाला होता आणि सगळ्यात जास्त मलाच होता. तो घेतला, तर त्याची किंमतही माझ्याकडेच निघते.

आपल्याला पोचायला किती वेळ लागेल, हे दादा विसरू शकत नव्हता. माझे अडीच तास इतके थोडे होते, की ते कधी काढावे लागतील असं वाटलंच नाही.

त्या रात्री मी त्याला सात महिन्यांचं सांगितलं नाही. सांगितलं तर माझं मन हलकं होईल आणि त्याची मागची सगळी झोप खोटी ठरेल. हे गप्प राहणं त्याच्यासाठी आहे, की तेही "या रविवारी बघतो" यातलंच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.