साखर, पाणी आणि समाजवाद

वाइनच्या इतिहासात लुडविग गॉलचे नाव भेसळीच्या प्रकरणात येते आणि समाजवादाच्या इतिहासात तळटीपेत. हे दोन इतिहास लिहिणारे एकमेकांची पुस्तके फारशी वाचत नसावेत. ट्रिअर शहरात प्रशियन सरकारच्या कचेरीत सचिव असलेल्या या माणसाने आधी गरिबी हटवण्याच्या योजना लिहिल्या आणि म्हातारपणी द्राक्षाच्या रसात साखर-पाणी मिसळण्याची रीत शिकवली. पहिले काम आदर्शवादाचे आणि दुसरे तडजोडीचे, अशी वाटणी करणे सोपे आहे. मला ती पटत नाही. गॉल आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होता, आणि त्याची खरी चूक दोन्ही इतिहासांनी सांगितली त्याहून वेगळी आहे.

त्याचा जन्म 1791 चा, युलिशजवळच्या आल्डेनहोफेन गावातला. 1819 मध्ये जर्मन स्थलांतरितांचा एक जथा घेऊन तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेला. तिथे एकत्र वसाहत उभारायची होती, पण माणसे पांगली आणि गॉल परतला. 1825 मध्ये त्याने ट्रिअरला एक पुस्तक छापले. त्याचे नावच एक प्रश्न होते : कशाने मदत होईल? दहा वर्षांनी त्याचे आणखी एक पुस्तक आले, ऊर्ध्वपातनाच्या यंत्रांवरच्या वादाचे. स्वतः बनवलेल्या वाफेच्या भट्टीचा बचाव करता करता त्यात त्याने लिहून टाकले की पैशाचा विशेषाधिकार असलेले आणि कष्ट करणारे यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरोधात आहेत, आणि एकाची भरभराट होते त्या प्रमाणात दुसऱ्याची दशा खालावते. कार्ल मार्क्स तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि ट्रिअरमध्येच शाळेत जात होता. दारूच्या भट्टीवरच्या तांत्रिक ग्रंथात वर्गसंघर्ष सापडावा, हे गॉलच्या स्वभावाला धरूनच होते.

आता ट्रिअर ज्या नदीवर वसले आहे, त्या मोझेलकाठची परिस्थिती पाहू. पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचा हा मुलूख. पाटीच्या दगडाचे उभे चढ, तिथे यंत्र तर सोडाच, बैलही नीट चढणार नाही. 1815 नंतर हा भाग प्रशियाकडे आला, 1818 च्या जकातीमुळे बाहेरची वाइन महाग झाली आणि शेतकऱ्यांनी कर्ज काढून जिथे जागा मिळेल तिथे द्राक्षे लावली. पुढे जर्मन राज्यांचा जकात संघ आला. 1834 पर्यंत दक्षिण जर्मनीची वाइन विनाअडथळा प्रशियाच्या बाजारात उतरली आणि मोझेलचे भाव कोसळले. कर मात्र चालूच राहिले. जानेवारी 1843 मध्ये तरुण मार्क्सने ‘ऱ्हाइनिशे त्साइटुंग’मध्ये या बागायतदारांच्या हालांवर लेखमाला लिहिली. त्याच वर्षी सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडले. आपण अर्थकारणाच्या अभ्यासाकडे वळलो त्याला मोझेलचा हा प्रश्नही कारण होता, असे मार्क्सने 1859 मध्ये स्वतः नोंदवले आहे.

मार्क्स मोझेलच्या दारिद्र्यापासून भांडवलाच्या सिद्धान्ताकडे गेला. गॉल त्याच दारिद्र्यापासून रसाच्या पिंपाकडे गेला. थंड वर्षी मोझेलची द्राक्षे पिकतच नाहीत. साखर कमी राहते, आम्ल भरमसाट वाढते आणि वाइन दात आंबवणारी होते. फ्रान्समध्ये शाप्तालने 1801 मध्येच रसात साखर घालण्याचा सल्ला दिला होता. त्याने वाइन कडक होते, पण आंबटपणा तसाच राहतो. गॉलने 1850 च्या दशकात पाण्याची जोड दिली. चांगल्या वर्षाच्या रसाचे त्याने प्रमाण बांधले : शंभरात 24 भाग साखर, 0.6 भाग आम्ल, बाकी पाणी. मग साध्या गणिताची पाळी. समजा, 100 किलो रसात 12 किलो साखर आणि 1.2 किलो आम्ल आहे. आम्ल प्रमाणात आणायचे तर रस दुप्पट, म्हणजे 200 किलो करावा लागेल. त्याला 48 किलो साखर हवी. म्हणजे 36 किलो साखर आणि 64 किलो पाणी घाला, की वाईट साल चांगले झाले. साखर मोजायला काटा होता आणि आम्ल मोजायला साधी रासायनिक चाचणी. शेतकऱ्याला स्वतः करता येईल असे हे शास्त्र होते.

शुद्धतावाद्यांना हे सहन होणे शक्य नव्हते. 1908 मध्ये ट्रिअरमध्येच मळेमालकांची संघटना स्थापन झाली, तिचा अभिमान होता साखर न घातलेली ‘निसर्गवाइन’. 1910 मध्ये तिच्यासारख्या प्रादेशिक संघटनांचा देशव्यापी महासंघ झाला. तो आजही जर्मनीतल्या सर्वांत मानाच्या मळ्यांची संघटना आहे. त्यांची वाइन उत्तमच होती, यात वाद नाही. पण ज्याच्या मळ्याचा चढ दक्षिणेकडे तोंड करून नदीवर झुकलेला आहे, त्याची द्राक्षे वाईट वर्षीही काही ना काही पिकतात. ओढ्याकडच्या सावलीतल्या तुकड्यात ती पिकत नाहीत. शुद्धतेचा नियम सर्वांना सारखा असला, तरी तो पाळण्याची किंमत जमीन बघून ठरत होती. आपल्याकडे नाशिकला नेमके उलटे घडते. उन्हामुळे साखर भरपूर भरते आणि आम्ल कमी पडते, म्हणून उष्ण प्रदेशातले वाइन बनवणारे रसात टार्टरिक आम्ल घालतात. त्याला कोणी भेसळ म्हणत नाही.

इथवर मी गॉलच्या बाजूने आहे. पुढे नाही.

वरच्या हिशोबात 100 किलोचे 200 झाले. हा वाढीव माल कोणाचा? लहान बागायतदाराकडे बहुधा तळघर नसे आणि साठवायला पिंपेही नसत. कर्जाचा हप्ता डोक्यावर, त्यामुळे तो हंगामातच द्राक्षे किंवा रस व्यापाऱ्याला विकून मोकळा होई. साखर विकत घेणारा, पाणी ओतणारा आणि दुप्पट झालेला माल वर्षभर धरून ठेवणारा तो व्यापारी. बटाट्याच्या स्टार्चपासून बनवलेली स्वस्त साखर बाजारात होतीच, आणि तिच्यात न आंबणारा गाळही असे. भाव पुन्हा पडले, ते यावेळी नावापुरत्या वाइनमुळे. 1835 मध्ये ज्याने लिहिले की पैसेवाला आणि कष्टकरी यांचा फायदा एक नसतो, त्याला 1850 च्या दशकात हे दिसायला हवे होते. रसात किती पाणी घालावे हे त्याने दशांशापर्यंत सांगितले, ते कोणी घालावे आणि कुठे थांबावे हे सांगितले नाही. पद्धत स्वस्त आणि सोपी केली की ती आपोआप गरिबाच्या हाती राहते, ही त्याची समजूत होती. आजच्या कृषितंत्रज्ञानाच्या जाहिरातींतही ती मला जशीच्या तशी भेटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

गॉल 1863 मध्ये ट्रिअरला वारला. त्याची वसाहत अमेरिकेत टिकली नाही, पण कृती टिकली. मिसुरीतल्या जर्मन वंशाच्या जॉर्ज हुस्मानने 1866 च्या आपल्या पुस्तकात ती अमेरिकन बागायतदारांना समजावून दिली, कारण तिथल्या रानटी वंशाच्या द्राक्षांतही आम्ल जास्त होते. जर्मनीत मात्र कायद्याला मध्ये पडावे लागले. 1892 च्या वाइन कायद्याने साखर-पाण्याला मान्यता दिली, 1901 मध्ये नियम बदलले आणि 1909 मध्ये मर्यादा ठरली : साखर-पाणी एकूण द्रवाच्या एक पंचमांशाहून जास्त नको, आणि तेही द्राक्षे नैसर्गिकरीत्या अपक्व राहिली असतील तरच. शुद्धतावाद्यांना हवी होती ती संपूर्ण बंदी आली नाही. सरकारने गॉलचे शास्त्र स्वीकारले आणि जी मर्यादा त्याने स्वतः घालायला हवी होती, ती बाहेरून घातली. पाणी घालणे पुढे बंद झाले. आज मोझेलच्या ‘क्वालिटेट्सवाइन’ या दर्जाच्या वाइनमध्ये आंबवताना साखर घालायला कायद्याने परवानगी आहे, ‘प्रेडिकाट्सवाइन’ या त्यावरच्या दर्जात नाही.