उत्तर आणि उत्तरदायित्व

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. सह्याद्रीच्या माथ्यावर मुक्तहस्ताने कोसळणारा पाऊस येथवर येता येता हात आखडता घेतो. कालव्यांनी काही शिवारांत ऊस व कांदा उभा केला हे खरे. परंतु जिरायतदाराचे डोळे आजही आभाळाकडेच लागलेले असतात. मृगाच्या सरी येऊन गेल्या, वापसा झाला, की बाजरी आज पेरावी की चार दिवस थांबावे, हा त्याच्यापुढील प्रश्न. निर्णय चुकला तर बी मातीत जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते.

या प्रश्नाचे उत्तर आता पुण्यातील एका यंत्राकडेही मागितले जाते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्या संस्थेने विकसित केलेली नवी पूर्वानुमान प्रणाली २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण करण्यात आली. पूर्वी १२ किलोमीटर बाजूची चौकट धरून गणित मांडले जाई. आता ती बाजू ६ किलोमीटर झाली आहे. म्हणजे जेथे १४४ चौरस किलोमीटरांना मिळून पावसाचा एक आकडा मिळे, तेथे आता ३६ चौरस किलोमीटरांना मिळतो. बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. काळाची पावलेही तितकीच आखूड टाकावी लागतात. एकूण श्रम सुमारे आठपट होतात.

हे श्रम एकट्या यंत्राचे नव्हेत. अमेरिकेने महासंगणकाच्या विक्रीवर निर्बंध घातल्यानंतर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यामागील तत्त्व आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. इर्जिक घातली की गावचे नांगर एका शेतात उतरतात आणि आठवड्याचे काम दिवसात उरकते. महासंगणकातही एकच गणित हजारो प्रक्रियकांत वाटले जाते.

परंतु इर्जिकीलाही कारभारी लागतो. कोणी कोठून तास धरावा, बांधाशी दोन नांगरांचा मेळ कसा बसावा, एकाच्या संथपणापायी इतरांचा खोळंबा कसा टळावा, हे ठरवावे लागते. भौतिकशास्त्र वा जीवशास्त्र उत्तम जाणणाऱ्या संशोधकाला ही विद्या आपोआप येत नाही. म्हणूनच २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानात यंत्रांबरोबर माणसे घडविण्यालाही स्थान मिळाले. खरगपूर, मद्रास, पलक्कड व गोवा येथील आयआयटींत प्रशिक्षणकेंद्रे निघाली. गणिताची विभागणी, प्रक्रियकांमधील निरोपांची देवघेव, सामाईक यंत्राच्या रांगेतील शिस्त या गोष्टी तेथे शिकविल्या जातात.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. साधन चालविता येणे म्हणजे त्याचा उपयोग करण्यास पात्र होणे काय?

ॲरिस्टॉटलच्या मागोमाग संत थॉमस अक्वायनस यांनी कौशल्य आणि विवेक यांत भेद केला. कौशल्य घडवावयाच्या वस्तूकडे पाहते; विवेक करावयाच्या कृतीकडे पाहतो. उत्तम सुतार आपले कसब वाईट कामी लावू शकतो, आणि तरीही त्याच्या सुतारकीला बट्टा लागत नाही. विवेकाचे तसे नाही. तो वाईट कामी लागला की विवेकच उरत नाही.

१९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवामानाचे एक गणित पुन्हा चालविताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढेच भरले. काही अंतर गेल्यावर दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही. यंत्र बिघडलेले नव्हते. वातावरणाचा स्वभावच तसा आहे. म्हणून आज आरंभीचे आकडे किंचित बदलून एकच अंदाज अनेकवार काढतात. उत्तरे एकमेकांजवळ आली तर भरवसा वाढतो; विखुरली तर तो घटतो.

येथेच विवेकाची कसोटी लागते. कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाने गणित करावे, निर्णय शेतकऱ्याने घ्यावा. हे आम्हांस मान्य आहे. शेतकऱ्याचा निर्णय हिरावून घेणे हा त्याचा अवमान ठरेल. परंतु उत्तरे विखुरलेली असताना ‘पाऊस येणार’ असे ठामपणे सांगणे म्हणजे त्याचा निर्णय न सांगता हिरावून घेणेच होय. उलट, दोष अंगाशी येऊ नये म्हणून प्रत्येक अंदाज संदिग्ध ठेवणे ही देखील पळवाटच. जेवढे ठाऊक आहे तेवढे निःसंकोच सांगावे आणि जेथे ज्ञान संपते ती रेषाही दाखवावी. असे सांगणे शिकावे लागते, आणि ते शिकविताही येते.

यास्तव प्रशिक्षणार्थींना पेरणीच्या दिवसांत एखाद्या गावी न्यावे, अशी आमची सूचना आहे. आपल्या एका चौकटीत किती वाड्या-वस्त्या मावतात, एका बांधावर सर आणि पुढच्या बांधावर धूळ कशी असते, हे त्यांनी पाहावे. पावसाळा सरल्यावर आपला अंदाज आणि तेथील पर्जन्यमापकाची नोंद शेजारी मांडून ती त्याच शेतकऱ्यांपुढे वाचावी. यंत्र उत्तर देते. उत्तरदायी माणूसच असतो. ज्याच्या बियाण्यावर त्या आकड्याचा परिणाम होणार आहे, त्याच्यासमोर उभे राहण्याची तयारी हाही त्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.