वादकाची जागा कोणी रिकामी करावी?

आपल्याबरोबर काम करणाऱ्या एखाद्याचें अंग निकामी झालें, तर त्याची जागा लागलीच भरावी कीं त्याची वाट पाहावी? भजनांत ढोलकी वाजविणाऱ्याचा हात मोडला म्हणजे दुसऱ्याच आठवड्यांत तेथें नवा मनुष्य बसतो. जुन्यास "घरीं बैस" असें तोंडानें कोणी म्हणत नाहीं, इतकेंच. अशा वेळीं आम्हीहि गप्प राहिलों आहों.

इंग्लंडांत शेफील्ड येथें डेफ लेपर्ड नांवाची वाद्यमंडळी आहे. तिचें संगीत रॉक जातीचें, म्हणजे विजेच्या गिटारींचें व ढोलांच्या दणदणाटाचें. आमच्या कानांस तें फारसें मानवत नाहीं. तिचा ढोलवादक रिक अ‍ॅलन पंधराव्या वर्षीं तींत आला. ३१ डिसेंबर १९८४ रोजीं शेफील्डजवळ मोटारीच्या अपघातांत त्याचा डावा हात तुटला. शस्त्रवैद्यांनीं तो पुनः जोडिला, परंतु जखम दूषित होऊन अखेर तो काढावा लागला. वय अवघें एकवीस.

या वादनांत दोन्ही हात व दोन्ही पाय सारखे राबतात, आणि ज्या कडक ठोक्यावर गाणें तोलून असतें तो बहुधा डाव्या हाताचा. अ‍ॅलननें तें काम डाव्या पायास शिकविलें. विजेवर चालणारा संच करवून त्यास पेडलें जोडिलीं. पेडल दाबलें कीं हातानें मारल्यासारखा आवाज निघे. सोबत्यांनीं दुसरा गडी कायमचा घेतला नाहीं. १९८६ सालीं आयर्लंडांत प्रथम जोडीस एक वादक बसविला, व त्याच वर्षीं १६ ऑगस्टला कॅसल डॉनिंग्टनच्या अफाट समुदायापुढें अ‍ॅलन एकटाच वाजविता झाला. मंडळीची 'पायरोमेनिया' १९८३ सालीं निघाली होती. पुढची 'हिस्टेरिया' १९८७ सालीं. या विलंबास दुसरींहि कारणें होतीं, हें सांगणें न्याय्य होय.

कोणी म्हणेल, हें यंत्राचें कर्तृत्व. तर मग काठीहि यंत्रच. नुसत्या तळहातानें तो दणका कोण काढील? यापेक्षां अवघड शंका निराळीच आहे. पायास तें साधलेंच नसतें, तर सोबत्यांचें थांबणें व्यर्थ गेलें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. "मला आतां जमत नाहीं" हें वाक्य उच्चारण्याचा पहिला अधिकार त्या मनुष्याचा होता, आणि सोबत्यांनीं तो त्याच्या हातून काढून घेतला नाहीं. त्यांनीं दया केली असें म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. जें त्याचें होतें तें त्याजपाशीं राहूं दिलें. गरीब मंडळीस इतका काळ थांबणें परवडत नाहीं, हें खरें. विजेचा संच कोठून आणावा? पण विचारावयास पैका लागत नाहीं, आणि ढोलकीवाल्यास तेंहि कोणी विचारलें नव्हतें.